हिलालभाऊंनी कॅमेरा फिरवला

उधन्याच्या आमच्या मिलमध्ये हिलालभाऊ कापडाचे ताके तपासतात. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर कापड सरकत जातं आणि त्यांच्या नजरेतून तुटका धागा सुटत नाही. बावीस वर्षांत पहिल्या नजरेत त्यांनी ताका पास केलेला मी पाहिला नाही. शेजारी म्हणून सांगतो, हा माणूस घरची मेथीसुद्धा उजेडात धरून बघतो.

असा माणूस दुर्बिणीच्या नादी लागला. गेल्या वर्षी, साखर कारखान्याचा धूर सुरू व्हायच्या आत, चलथाणच्या शेतात जाऊन त्यांनी भाद्रपदा नक्षत्राजवळच्या पाच दीर्घिकांचा फोटो काढला. त्यातल्या दोघींमध्ये पुसट धागा दिसला. तो खरा असेल तर त्या नुसत्या शेजारी दिसत नाहीत, खरोखर एकमेकींना ओढतायत. भाऊंनी फोटो आकाशवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी दाखवून दिलं, की हा कॅमेऱ्यात अडकलेला कापडाचा तंतू आहे. आम्ही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच.

यंदा कॅमेरा पुसून ते पुन्हा गेले. पुन्हा धागा. आता त्यांचा स्वतःच्याच नजरेवर विश्वास उरला नव्हता.

"हाबी तंतूच निंघना तं दुर्बीण ईकी टाकसू," ते म्हणाले. विकायचं गमतीत बोलत नव्हते.

त्यांच्या पत्नी शोभाबाई साडीवर टिकल्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताकावर रेघ दिसनी का तुम्ही ताका फिरावतस. रेघ फिरनी तं कापडनी, जागावर ऱ्हायनी तं काचनी. मंग कॅमेरा काबर नही फिरावतस?"

रोज हातांनी करतात तेच नेमकं भाऊंच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच रात्री मला घेऊन ते चलथाणला गेले आणि कॅमेरा आडवा बसवून फोटो काढले. सकाळी आधीचा आणि नवा, दोन्ही फोटो संगणकावर शेजारी ठेवले. नव्या फोटोत पाची दीर्घिका आडव्या झाल्या होत्या. तंतू असता तर जागेवरच राहिला असता. धागा त्यांच्याबरोबर फिरला होता.

"पास," भाऊ म्हणाले. पहिल्याच नजरेत. वर्षभर हसलो होतो, पण आनंदाने माझेच डोळे भरून आले.

शोभाबाईंनी पाचांतल्या एकीवर बोट ठेवलं. "आन् हाई?"

"ती यासनामानी नही. भलती अलीकडे शे, नुसती रांगमा दिसस. कापी टाकू का?" भाऊंनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या तिले," माझ्यापुढे भाकरी सरकवत शोभाबाई म्हणाल्या. "शेजारीबी फोटोमा लागस."