आतून लागणारं कुलूप

आमच्या आबासाहेबांनी मोटार घेतली तेव्हा कोल्हापुरात मोटारी फारशा नव्हत्या. आबासाहेब दरबारातले सरदार. मोटार विलायती, चारी बाजूंनी बंद, काचांना मखमली पडदे. पण त्यांचा जीव जडला तो दाराच्या कुलपावर. दार अर्धवट लागलं तरी चालत्या गाडीत उघडत नसे. आतली एक जादा खाच ते धरून ठेवी. आणि आतलं पितळी बटण दाबलं, की बाहेरून किल्ली नुसती गरगर फिरायची. "आतल्या बायकामाणसांच्या मर्जीशिवाय दार उघडणं शक्य नाही," असं ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत. बायकामाणसांना मर्जी असते, हे एरवी त्यांना फारसं आठवत नसे.

त्या काळी महाराजांनी गावोगाव शाळा काढण्याचा सपाटा लावला होता. आबासाहेबांनीही एका सभेत मुलींच्या शिक्षणावर भाषण करून टाळ्या घेतल्या. त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे मी, तेव्हा घरी वाती वळत होते.

पुढे हातकणंगल्याला एका लग्नाला गेलो. मांडवापाशी आबासाहेब उतरले आणि आत माझ्याशेजारी बसलेल्या आईसाहेबांनी दार ओढून बटण दाबलं. आबासाहेबांनी किल्ली लावली. ती फिरली, फिरतच राहिली.

"सरकार, आतनं बंद हाय," ड्रायव्हर म्हणाला. "आता काय बी व्हायचं न्हाय."

आईसाहेबांनी काच दोन बोटं खाली घेतली. "पोरीला शाळेत घालता का?"

"ही काय विचारायची जागा आहे?"

"घरी विचारलं की तुम्ही उठून जाता. इथून कुठं जाल?"

एव्हाना वऱ्हाडी भोवती जमले होते. एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "पावणं, कुलूप लई भारी दिसतंय की!" आबासाहेबांना राहवलं नाही. तशा अवस्थेतही ते त्याला खाच समजावून सांगू लागले.

तेवढ्यात नवरीचे वडील धावत आले. "सरकार, मुहूर्त टळतोय! तुम्ही दोघं आल्याशिवाय अक्षता कशा टाकायच्या?"

आबासाहेब काचेशी वाकले. "घालतो शाळेत. उघडा आता."

"कधी?"

"सोमवारी!"

बटण खट्‌कन वर आलं. आईसाहेब माझा हात धरून खाली उतरल्या.

सोमवारी मी शाळेत गेले. संध्याकाळी आईसाहेबांनी मला जवळ बसवून काय शिकवलं ते विचारलं. मी पाटीवर 'ग' काढून दाखवला. त्यांनी पाटी ओढून घेतली आणि त्याखाली, वाकडातिकडा का होईना, आपला 'ग' काढला.