सतरावा खांब

या वर्षी मी पाच शर्यती धावलो आणि पाचही वेळा मला काहीच वाटलं नाही. पाच पदकं दाराच्या मागे एकाच खिळ्याला लटकली आहेत, छत्रीच्या सोबत. दार उघडलं की खळखळ वाजतात. बायको म्हणते, "बैलाच्या गळ्यात बांधा, तिथं तरी शोभतीन." मी छत्री घेतो आणि कामाला निघतो. वर्षभर मी एकूणच कमी बोललो.

मी गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. धानाचा ट्रक भरून येतो, काट्यावर चढतो, मी आकडा लिहितो. रिकामा होऊन पुन्हा चढतो, तोही आकडा लिहितो. तेवीस वर्षं हेच चाललंय. ड्रायव्हरने काट्याच्या कडेला नुसता पाय टेकवला तरी मला कळतं आणि मी खिडकीतून ओरडतो. कोणी म्हटलं की "अंदाजे एवढा असेल", तर माझं डोकं फिरतं. अंदाज घरी ठेवून ये, असं मी भल्याभल्यांना सुनावलेलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी चूक येते ती याच माणसाची आहे.

धावणं मी हौसेने धरलं नाही. मुलीला पोलीस भरतीत उतरायचं होतं. आमच्या भागात पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्याला लागा, भरतीची पोरं आणि पोरी धावताना दिसतात. पण आमच्या गावातून निघणारी ती एकटीच. नागऱ्याकडे जाणारा रस्ता, त्यावर मिलचे ट्रक, आणि थंडीत हातभर अंतरावरचं दिसत नाही असं धुकं. बायकोने सांगितलं, एकटी जाणार नाही. म्हणून मी आधी सायकलवर मागे जायला लागलो. मुलगी म्हणाली, चेन खरखरते, लक्ष लागत नाही. मग पायी. पहिल्या दिवशी चपला घालून गेलो आणि विजेच्या तिसऱ्या खांबाशी खाली बसलो. ती थांबली नाही. बरं केलं.

हळूहळू पायांना सवय झाली. दोन वर्षं मी तिच्या मागे धावलो. सावकाश धावायचं असलं की दहा पावलं मागे, आणि ती जोर लावायची तेव्हा पार मागे. मुलींना भरतीत आठशे मीटर असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं की गुण पक्के. घड्याळ तिच्याच मनगटावर असायचं. मी धापा टाकत पोचेपर्यंत तिचा दम बसलेला असायचा आणि ती मला आकडा सांगायची. "दोन छप्पन, बाबा." "दोन बावन, बाबा." हा आकडा ऐकायला मी दिवसभर काट्यावर बसू शकलो असतो.

आठशे मीटर आम्ही ठरवले कसे, तर विजेच्या खांबांवरून. शेजारी वीज मंडळातून निवृत्त झालेले एक लाईनमन आहेत. मी त्यांना विचारलं, दोन खांबांत किती अंतर? ते दात कोरत होते. म्हणाले, "पन्नास मीटर. डोरे मिटून धर." पन्नास सोळा आठशे. पहिल्या खांबापासून सतराव्या खांबापर्यंत सोळा टप्पे होतात. मी सतराव्या खांबाला चुन्याचा पट्टा मारला आणि झालं आमचं मैदान. मोजायचं माझ्या मनातही आलं नाही. एवढे सिमेंटचे खांब सरकारने काय उगाच कुठेही गाडले असतील?

भरतीच्या आधीच्या आठवड्यात ती दोन अठ्ठेचाळीसवर आली होती. एकदा नाही, चारदा.

जिल्ह्याच्या मैदानावर आईबापांना आत सोडत नाहीत. मी भिंतीबाहेर उभा होतो, आणखी पन्नास बापांसोबत. ती बाहेर आली तेव्हा बूट हातात होते. "तीन चार," म्हणाली. मला वाटलं, तिला तिसरा-चौथा नंबर म्हणायचा आहे. मग कळलं, तीन मिनिटं चार सेकंद.

सोळा सेकंद कुठे गेले, हे तिला कळेना. ती म्हणाली, "मी तं रोजच्यासारखीच धावली, बाबा." आणि मी, मोजल्याशिवाय न बोलणारा माणूस, म्हणालो, "नाही. तू घाबरली. लोकं पाहून पाय जड झाले तुये."

तिने वाद घातला नाही. ऑटोत बसलो. पुढे यादी लागली तेव्हा ती थोड्याच गुणांनी राहिली होती. नातेवाईक आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. पोरीत दम आहे, पण मैदानात घाबरते. काही दिवसांनी तीच लोकांना तसं सांगायला लागली. तिने बूट माळ्यावर टाकले आणि गोंदियात एका कापडाच्या दुकानात काम धरलं. सकाळी नऊच्या ऑटोने जाते, संध्याकाळी येते. घरात लागेल तेवढंच बोलते.

मी मात्र साडेचारला उठतच राहिलो. झोप उघडायची, पाय खाली यायचे, बूट घालायचे. मागे धावायला पुढे कोणी नव्हतं, तरी धावायचो. वाईट वाटत होतं असंही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं काहीसं होतं. मिलमधल्या एकाने मोबाईलवर दाखवलं, शहरात मॅरेथॉन आहे. आमच्याकडे पाच किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. मी नाव दिलं.

पहिली शर्यत गोंदियातच झाली. माईकवरचा माणूस "चलो अंकल, जोर लगाओ" म्हणत होता. घरच्या खांबांच्या हिशेबाने मी साडेसत्तावीस मिनिटांत यायला हवा होतो. तीस लागली. वाटलं, यांनी रस्ता लांब ठेवला असेल. केळं खाल्लं, पदक घेतलं, मिलमध्ये गेलो. दुसरी भंडाऱ्याला, तिथेही तेच झालं. तिथल्या लोकांनाही मोजता येत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि घरी आलो.

तिसरी नागपूरला, दहा किलोमीटर. घरी मला पंचावन्न मिनिटं लागत, तिथे साठ लागली. या वेळी मी चिडलो. पाण्याच्या टेबलापाशी एक सडपातळ गृहस्थ पाय ताणत होते, मनगटावर अंतर मोजणारं घड्याळ. मी त्यांना म्हटलं, अंतर जास्त आहे हो इथलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. दहा किलोमीटर, वर थोडे मीटर. म्हणाले, "अंतर बरोबर आहे, काका. तुमचा घरचा किलोमीटर आखूड असेल. कशावरून मोजता?"

"खांबांवरून," मी म्हणालो.

ते मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता. मीही हसलो.

परतीच्या गाडीत खिडकीतून खांब मागे पळत होते. मी सगळा रस्ता त्यांच्याकडे पाहत आलो.

तरी मोजायला मला महिना लागला. पोळ्याच्या आधीच्या रविवारी मिलच्या गोदामातून पन्नास मीटरची टेप आणली आणि भर दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना, एकटाच बसलो मोजत. टेपच्या टोकावर दगड ठेवायचा, चालत जायचं, आकडा पाहायचा, परत येऊन दगड काढायचा. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. नाल्याजवळ रस्ता वाकतो तिथे एकेचाळीस. सोळा टप्प्यांची बेरीज सातशे तीस आली. मी दुसऱ्यांदा मोजलं, जसा ट्रक पुन्हा चढवतो तसं. सातशे तीस.

मग बाकीचा हिशेब केला. सातशे तीस मीटरला दोन अठ्ठेचाळीस, तर त्याच वेगाने आठशेला किती? तीन मिनिटं चार सेकंद. माझी पोरगी त्या मैदानावर रोजच्यापेक्षा एक सेकंदही हळू धावली नव्हती. जशी धावायची तशीच धावली होती, आणि तसंच तिने मला सांगितलंही होतं.

टेप गुंडाळली. घरी येऊन जेवलो. भाजी वांग्याची होती एवढं आठवतं. सांगायला हवं होतं, हे मला त्याच दिवशी माहीत होतं. सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. मग पोळा झाला, मग धान कापणीला आलं, ट्रकांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, वेळ भरपूर होता. मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, बस. चौथी शर्यत बालाघाटला धावलो, पाचवी आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी. गडाच्या वाटेवर माझ्यापुढे एक मुलगी होती, तिची वेणी पाठीवर डावी-उजवीकडे आपटत होती. मी तिला ओलांडू शकलो असतो. नाही ओलांडलं. सवयीने दहा पावलं मागे राहिलो आणि तसाच शेवटपर्यंत गेलो.

नव्या भरतीची जाहिरात याच दरम्यान आली. फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते तेव्हा, एका रविवारी जेवताना, बायकोने विषय काढला. "भरून पाय ना, बाई. वय बसते अजून."

मुलगी म्हणाली, "नोको, आई. मी मैदानात घाबरते. बाबांनीच तं सांगतला."

तिच्या आवाजात राग नव्हता, मला टोमणा मारायचाही नव्हता. रक्तगट सांगावा तसं सांगितलं तिने. ताट बाजूला सारलं. मी हात धुतले, खाटेखालून टेप काढली. मिलला परत करायची राहून गेली होती.

"चाल," मी म्हणालो.

"कायले?"

"चाल तं."

पहिल्या खांबाशी मी टेपचं टोक धरून बसलो आणि तिला दुसऱ्या खांबाकडे पाठवलं. तिने आकडा ओरडून सांगितला, "सेहेचाळीस!" तिला अजून काही कळलं नव्हतं. पुढच्या टप्प्याला सत्तेचाळीस. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत ती मोठ्याने सांगत होती. नाल्याजवळच्या एकेचाळीसला तिचा आवाज उतरला. त्यानंतर ती नुसतीच वाकून पाहायची, बोटांवर काही धरायची आणि पुढे चालू लागायची. मी मागे मागे टोक घेऊन. चुन्याचा पट्टा पावसाने पुसट झाला होता, तरी दिसत होता. ती सतराव्या खांबाला पाठ टेकून उभी राहिली. हिशेबात ती पहिल्यापासून पक्की, कागद लागत नाही.

"सातशे तीस," ती म्हणाली. ओठ हलत होते. मग, "तीन चारच येते."

"होय."

"म्हणजे मी घाबरली नोती."

"नोती घाबरली."

"सांगतला होता मी तुमाले. रोजच्यासारखीच धावली म्हनून."

"सांगतला होता."

एक ट्रॅक्टर धानाचं तणस भरून गेला, आम्ही दोघं कडेला सरकलो. मग तिने विचारलं, "तुमाले कदी मालूम झाला?"

खोटं बोलता आलं असतं. आताच, म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "पोळ्याच्या आंधी."

तिने माझ्याकडे पाहिलं. महिने मोजले असतील. मग माझ्या हातातलं टेपचं टोक घेतलं, सतराव्या खांबापासून पुढे स्वतःच मोजत गेली, माझ्यासारखीच टोकावर दगड ठेवून. सत्तर मीटरवर बाभळीचं एक वाळकं झाड आहे. तिने त्याच्या बुडाशी विटेचा तुकडा घेऊन डांबरावर आडवी रेघ ओढली, पुन्हा पुन्हा, लाल होईपर्यंत. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "राहू द्या."

फॉर्म तिने त्याच संध्याकाळी भरला. मला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी उठलो तर माळ्यावरचे बूट खाली आले होते. ती ओट्यावर बसून नाड्या बांधत होती. मीही माझे बूट घेतले आणि शेजारी बसलो. तिने वर न पाहता म्हटलं, "मागं येऊ नोका, बाबा." बायको दारात उभी होती. आता ही नाही म्हणेल, असं मला वाटलं. ती नाही म्हणाली नाही. टॉर्च मुलीच्या हातात दिला आणि आत चहा ठेवायला गेली.

एका बुटात पाय घालून मी ओट्यावर बसून राहिलो. तिच्या पावलांचा आवाज धुक्यात थोडा वेळ आला, मग नाही आला. वर्षभर जे दुखलं नव्हतं ते तेव्हा दुखलं, छातीत, अगदी साधं, ठेच लागावी तसं. मला रडू आलं आणि बरंही वाटलं. ती पुढे होती, आणि मागे कोणी नसतानाही धावत होती.

ती परत आली तेव्हा उजाडलं होतं. केस कपाळाला चिकटलेले, दम बसलेला. मी उठून उभा राहिलो. ती माझ्या शेजारून आत गेली, चुलीपाशी बसली, पाणी प्यायली. मग तिने आकडा सांगितला. आईला.