अष्टमीचा घाणा आणि शुक्रवारची जाहिरात

सामाजी अष्टमकर यांचा लाकडी घाणा आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. रोह्याच्या अष्टमी भागात गेली एकोणीस वर्षं मी तेलाच्या वासात कागद काढतोय. माझ्याकडच्या दाखल्याला तिळाचा वास येतो, असं लोक म्हणतात. येत असेल. मी मुळात तिरसट माणूस आहे आणि रांग मोडणाऱ्याला सरळ बाहेर काढतो. पण सामाजीकाकांवर आवाज चढवायची वेळ माझ्यावर एकदाच आली, ती यंदा दिवाळीच्या आधी, एका जाहिरातीपायी.

काका एकाहत्तर वर्षांचे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घराण्याचा धंदा तेलाचा. शनिवार हा त्यांचा देवाचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी घाणा बंद, म्हणून जुनी माणसं अजून त्यांना शनवार तेली म्हणतात. भाऊबंद एकेक करून इस्राएलला गेले. बायको रेचल चार वर्षांपूर्वी वारली. एकुलती मुलगी रूथ तिकडे अश्दोदला नर्स आहे. घाण्यावर मदतीला हौसा असते, पन्नाशीची, धरमतरकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातली. ती सोडली तर काकांना बोलायला मी, आणि मी फारसा बोलत नाही.

उन्हाळ्यात रूथ आली तेव्हा घाणा जेमतेम अर्धा दिवस फिरत होता. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी होऊन गेली आणि त्यांची मुलं मॉलमधल्या पिशव्या आणतात. रूथ बापासारखीच स्पष्ट. तिने माझ्यादेखत सांगितलं, "बाबा, दिवाळीपर्यंत बघा. पन्नास नवी गिऱ्हाइकं आली तर मी गप्प बसेन. नाय आली तर घाणा बंद करायचा आणि माझ्याकडे यायचं. एकट्यानं पडलात तर मला कोण कळवणार?"

काका "व्हय" म्हणाले. बोललेला शब्द काका मोडत नाहीत हे रोह्यात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे मला खरंच धसका बसला, कारण शेजारी बदलणं मला परवडणारं नव्हतं.

मग गिऱ्हाइकं आणायला काकांनी निकेशला बोलावलं. निकेश पेणचा, तिथल्या गणपतीच्या कारखान्यांच्या जाहिराती मोबाइलवर चालवतो. पोरगा म्हणावा तर दोन मुलांचा बाप. मला जाहिरातवाल्यांचा राग आहे, पण हा प्रामाणिक निघाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, पैसे भरून जाहिरात करायची घाई नाय. आधी बघू, तुमचा धंदा तयार हाय का."

त्याने विचारलं, दिवसाला तेल किती निघतं? वीस लिटर. लगेच विकता येतं? नाही, दोन दिवस निवळायला लागतं. बाहेरगावी पाठवता? नाही, डबा घेऊन यायचं. आणि फोन कोण उचलतं?

"मी," काका म्हणाले.

"कसा उचलता ते बघायला पायजे."

ती कामगिरी माझ्यावर आली. मी भिंतीपलीकडून अनोळखी गिऱ्हाईक म्हणून फोन लावला आणि आवाज बदलून खोबरेल आहे का विचारलं. काकांनी "कोण पायजे?" असा दम भरला. मग खोबरं कुठून येतं, पूर्वी कुठून यायचं, आणि ते देणारा व्यापारी कसा गेला, हे बारा मिनिटं सांगितलं. भाव सांगायचा राहिला. शेवटी म्हणाले, "तुमचा आवाज आमच्या झेरॉक्सवाल्यासारखा हाय." हौसा हसून हसून पेंडीच्या पोत्यावर बसली.

आठवडाभर सराव केल्यावर फोन दोन मिनिटांवर आला. निकेश म्हणाला, आता तीन दिवस माझ्या खर्चानं चालवून बघतो, जमलं तर पुढचं तुम्ही भरा. शनिवार-रविवारी लोक मोबाइल घेऊन निवांत बसतात, म्हणून त्याने जाहिरात शुक्रवारी संध्याकाळी सुरू केली. घाण्याचा फोटो, काकांचा फोटो, नंबर, पत्ता, रोह्यापासून वडखळपर्यंत सगळीकडे.

आता ह्यातली चूक वाचणाऱ्याला दिसली असेल. आम्हाला कोणालाच दिसली नाही. काकांच्या पाटीवर शनिवारी बंद असं कधीच लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहायची गरज आजवर पडली नव्हती. मला ते इतकं ठाऊक की सांगायचं सुचलं नाही. निकेशला ठाऊकच नव्हतं. आणि काकांना जाहिरात म्हणजे पेपरातली वाटली, आज दिली तर चार दिवसांनी कोणीतरी वाचणार. त्यांचा देवाचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी दिवस मावळतानाच लागतो; त्यांनी नेहमीप्रमाणे फोन बंद केला, कपाटात ठेवला आणि दिवा लावून प्रार्थनेला बसले.

शनिवारी सकाळी नऊपासून माझ्या दारात माणसं. पहिल्या पाचांना मी नीट सांगितलं. वडखळहून गाडी काढून एक बाई आल्या होत्या, सोबत सासू आणि तीन रिकामे डबे. "पैसे देऊन जाहिरात करतात आणि शटर बंद? आम्हाला काय येडं समजता?" त्या मलाच ओरडल्या. दुपारपर्यंत एकवीस माणसं झाली. माझं एकही झेरॉक्स धड निघालं नाही. दुकानाच्या नावाखाली इंटरनेटवर लोकांनी एकेक तारा देऊन फसवणूक, बोगस असं लिहिलं. काकांना फसवे म्हणताना बघून माझं डोकं फिरलं, आणि राग काढायला समोर कोणी नव्हतं. शब्बाथला त्यांचं दार वाजवायचं नाही एवढं मला कळतं.

रात्री आकाशात चांदण्या दिसल्यावर शब्बाथ संपला आणि काकांनी फोन चालू केला. एकशे चार फोन आणि निरोप. ते माझ्याकडे आले तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. काका फक्त म्हणाले, "लोकं हेलपाटा घालून गेली रे."

रविवारी निकेश पेणहून आला. तो वरमला होता, पण डोळ्यांत चमक होती. "काका, एकशे चार! पन्नास कुठं घेऊन बसलात? शनिवारी फक्त कोणीतरी फोन उचलायला आणि शटर उघडायला पायजे. तुम्ही नका करू. हौसामावशी करतील."

"करते की," हौसा लगेच म्हणाली. "शेठ, तुम्ही तिकडं जायचं नाय म्हणजे झालं."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पन्नास गिऱ्हाइकं एका शनिवारात झाली असती. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकलासुद्धा.

काकांनी हौसाला विचारलं, "गो हौसा, तू शनवारी काय करतंस?"

"म्हंजे?"

"बावीस वर्सं तुला शनवारची सुट्टी हाय. मी कधी विचारलं नाय."

हौसा पदराशी चाळा करत बोलली. पहिल्या एसटीने ती धरमतरकडे आईकडे जाते. आईला दिसत नाही. तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, मासळीतले काटे काढून भरवायचं. "बाकीच्या दिवशी वहिनी बघते. पर आय शनवारचीच वाट बघते. जाईन रविवारी, त्यात काय?"

"रविवारी हितं गर्दी असंल. मग तू सोमवारी जाशील, आणि मग जायची राहशील," काका म्हणाले. "आमच्यात सुट्टी नुसत्या मालकाला नाय. कामाच्या माणसालाबी हाय. माझ्या बापाच्या वेळी घाण्याला बैल होता, तोबी शनवारी सुटलेला असायचा. नाय जमणार."

निकेशने कपाळाला हात लावला. "मग काका, तुमचा धंदा तयार नाय. मी पैसे घेणार नाय तुमच्याकडून."

"घे. पण मी सांगतो ते छाप."

जाहिरात माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप झाली, म्हणून ती मला पाठ आहे. लाकडी घाण्याचं तेल. दिवसाला वीस लिटर, संपलं की संपलं. डबा आपला आणावा. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत दुकान आणि फोन बंद, कोणीही उचलणार नाही. मागच्या शनिवारी ज्यांना हेलपाटा पडला त्यांची माफी मागतो. निकेश म्हणाला, अशी जाहिरात जगात कोणी करत नाही. तरी त्याने ती चालवली, रविवार ते गुरुवार, फक्त रोहा आणि आसपास.

दिवाळीपर्यंत नवी गिऱ्हाइकं आली एकोणीस. जुना नंबर लावून परत आलेल्या वडखळच्या त्या बाई त्यात होत्या, आणि पहिल्यांदा माझीच माफी मागून गेल्या. एकोणीस माझ्या मते चांगली होती. पण ती पन्नास नव्हती.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी रूथचा फोन आला तेव्हा काका माझ्याच दुकानात होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्याने लावतात. मी मशीन बंद केलं.

"किती झाली, बाबा?"

"एकोणीस."

"मग ठरल्याप्रमाणे कागद करायला घेते."

"थांब," काका म्हणाले. "तुझी अट मला मान्य होती. गिऱ्हाइकं कमी पडली. मी शब्द दिला होता, तो मोडतो. मी येत नाय, रूथ."

मग ती रडतच बोलली, "मग ही सगळी जाहिरातीची खटपट कशाला केलीत?"

"तवा मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं गिऱ्हाईक नसलं की जाता येतं. हौसाचा एक शनवार तिच्या आयपासून तोडायचा म्हटलं तर माझ्यानं झालं नाय. मग घाणा, ही माणसं, सगळाच गाव तोडून कसा येऊ?"

"मी हितं रात्रपाळीला असते, बाबा. फोन वाजला की वाटतं, तुमचंच काहीतरी. एकटीच असते मी."

काकांनी फोन तोंडाजवळ नेला.

"ठाऊक हाय गो मला," ते म्हणाले. "तरी येत नाय."