कुठलं पाटील?

नसीमला शिरोळमध्ये खोली बघायची होती आणि मला खिद्रापूरचं देऊळ. दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणून जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे आम्ही पुण्याहून गाडीने निघालो.

नसीम पाटील आणि मी एम.ए.ला एका बाकावर बसायचो. विषय मराठी. आता शिरोळजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तिला मराठी शिकवायची नोकरी लागली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिचं घर गडमुडशिंगीला, कोल्हापूरला लागूनच. तिथून रोज जायचं तर एसटी बदलत दिवस रस्त्यातच संपतो. फोनवर दोन खोल्या ठरता ठरता मोडल्या होत्या. आधी ‘या बघायला’, मग पूर्ण नाव सांगितलं की ‘कालच गेली हो’. ही तिसरी. या वेळी तिने फोनवर फक्त आडनाव सांगितलं होतं.

महामार्गावर कामं सुरू आहेत. वळणरस्ते अचानक येतात, त्यामुळे अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. कोल्हापुरात पोचलो तेव्हा भूक लागली होती. इथे मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस येतात आणि रस्सा मागावा लागत नाही. वाढणारा स्वतःच येतो.

“ताई, कट घ्या की. लाजताय काय?”

“तिखट आहे.”

“मग कोल्हापुरात कशाला आलासा?”

घेतला. मुक्काम नसीमच्या घरी केला आणि शनिवारी सकाळी जयसिंगपूरवरून शिरोळला गेलो. तासाभराहून थोडा जास्त रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि त्यांना घाई नसते. मागे राहावं.

इथे बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. या जिल्ह्यात पाटील मराठ्यांत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत आणि मुसलमानांतही आहेत. पाटीलकी ज्या घरात होती, त्या घराचं ते आडनाव झालं. त्यामुळे आडनाव ऐकून कुणाचं समाधान होत नाही. ‘कुठलं पाटील?’ असा दुसरा प्रश्न येतो. वाटतं, गाव विचारलं. विचारलेली असते जात.

घरमालकीण दारातच उभ्या होत्या. साठीच्या, उंच. घरी कन्नड, दारात मराठी. सगळे त्यांना अक्का म्हणतात. “या, या. लई लांबनं आलासा. कुठलं पाटील तुमी?”

“गडमुडशिंगीचं,” नसीम म्हणाली.

“व्हय? तिथं आमचं पै-पावणं हाईत की. आनि ह्या?”

“जोशी,” मी म्हणाले. अक्कांनी मान हलवली. माझ्या आडनावापुढे दुसरा प्रश्न येत नाही.

खोली माडीवर होती. जिना वेगळा, खिडकीबाहेर ऊस, उसाच्या पलीकडे नदीकाठची झाडं. नसीम खिडकीत उभी राहिली. “टेबल इथे,” ती मला हळूच म्हणाली. नोकरीपेक्षा तिला हे जास्त हवं होतं, ते मला तेव्हा कळलं. ती कधीच एकटी राहिलेली नव्हती.

“नाव काय म्हनलासा?” अक्कांनी चहा देताना विचारलं.

“नसीम.”

अक्कांनी कप दिला. मग जाऊन खिडकी लावून घेतली. ऊन नव्हतं, वाराही नव्हता.

“पोराला इचारतो,” त्या म्हणाल्या. इकडच्या बायका ‘विचारते’ म्हणत नाहीत. “बेंगळूरला असतोय. इचारून फोन करतो.”

गाडीत बसल्यावर नसीम म्हणाली, “चल, तुझं देऊळ बघू.”

खिद्रापूरचा रस्ता अरुंद आहे, पण चांगला आहे. देवळापुढे एक मंडप आहे. खांब गोलात उभे आणि वर छताच्या जागी गोल आकाश. खाली तेवढ्याच आकाराची शिळा. दुपारी जा, गर्दी नसते. आम्ही शिळेच्या कडेला बसलो. एक बाई लहान मुलीला दगडातले हत्ती दाखवत होती. नसीमनेही ते एकेक करून पाहिले. त्या कामात तिचं लक्ष होतं असं मला वाटत होतं, पण फोन वाजला तेव्हा तो तिच्या हातातच होता.

“जेवल्याबिगर कशापायी गेलासा? परत या,” अक्कांचा आवाज मलाही ऐकू आला.

भाकरी, वांग्याची भाजी, घट्ट दही. कृष्णाकाठची वांगी गोड असतात. इथे आलात तर चुकवू नका. आमची पानं मागच्या अंगणात वाढून झाल्यावर अक्का समोर बसल्या.

“पोरगं म्हनतंय, आई, तुझं घर हाय, तुझं तू बघ. आता मी काय बघू?”

नकार द्यायला त्यांना कुणीतरी हवं होतं आणि मुलाने ते काम केलं नव्हतं.

“तुम्हाला काय विचारायचं ते विचारा,” नसीम म्हणाली.

“मटन करनार काय?”

“या घरात नाही. बाहेर खाणार.”

“भाईर तर आमचं पोरगंबी खातंय. मला कळत न्हाय व्हय?” अक्कांनी तिला अर्धी भाकरी वाढली. “नमाज पडतासा?”

“ईदला. आणि परीक्षा असली की.”

अक्का हसल्या. “मग आमच्या पोरासारकंच की.” हसू लगेच गेलं. “मला काय न्हाय गं. गल्ली इचारंल.”

गल्लीला फार वेळ लागला नाही. पलीकडच्या भिंतीवरून शेजारणीचं डोकं वर आलं. “अक्का, कोन आलंय वो?”

“भाडेकरू. पाटील.”

“कुठलं पाटील?”

नसीमचा हात ताटातच थांबला. अक्कांनी पदर सारखा केला. “माडीवरचं,” त्या म्हणाल्या.

“आँ?”

“माडीवरचं पाटील. नसीम नाव हाय. मराठीच्या म्याडम हाईत. तुझ्या पोरीला व्याकरण येत न्हाय म्हनून रडतीस न्हवं? घिऊन ये तिला. आनि च्याला ये.”

शेजारणीचं डोकं भिंतीआड गेलं. मग, “येतो की. साकर घिऊन येऊ काय?”

“ये घिऊन.”

परतताना नृसिंहवाडीला थांबून बासुंदी घेतली. बर्फाची पेटी सोबत ठेवा, पुण्यापर्यंत टिकते.

आता घरी बसून हे लिहिताना त्या प्रश्नाचा मला पूर्वीइतका राग येत नाही. तो आडदांड आहे, पण तोंडावर विचारला जातो, म्हणून अक्कांना त्याचं उत्तर देता आलं. आमच्या सोसायटीत कुणी असं विचारत नाही. ‘फॅमिली कशी आहे?’ एवढंच म्हणतात आणि फ्लॅट कालच गेलेला असतो. तिथे उत्तर द्यायला जागाच ठेवलेली नसते. सोसायटीच्या पुढच्या सभेत मी ती जागा मागणार आहे: नकार द्यायचा तर कारण तोंडावर सांगा.

काल नसीमचा फोन आला. मोटर बंद करायला ती विसरली, टाकी भरून वाहिली आणि अक्का जिन्यात उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

“मग तू?”

“मीही ओरडले. गळणारा नळ कोण बदलणार, म्हटलं.”

“आणि?”

“आणि काय? नळ अजून गळतोय. उद्या परत भांडणार आहे,” ती म्हणाली. फार खुशीत होती.