बिजलीबाईंची ओळ

यवतमाळच्या बसस्टँडमागे सुरभीताईंचं टायपिंगचं दुकान आहे. पीडीएफची वर्ड फाइल करून मागणाऱ्यानं "बटन दाबलं का होते ना?" असं विचारलं की त्यांचं डोकं फिरतं. मग त्या बटन दाबूनच दाखवतात.

परवा तांड्यावरून रामलालकाका आणि त्यांची बायको बिजलीबाई आले. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवर होती. धाकटीसाठी तशीच हवी होती, फक्त नवरा-नवरीची नावं आणि तारीख बदलून. काकांनीही बटनाचं विचारलं. सुरभीताईंनी दाबलं. चौकट फुटली, ओळी एकमेकींवर चढल्या आणि बिजलीबाईंच्या नावातली वेलांटी उडून पुढच्या अक्षरावर बसली.

"बजिलीबाई," त्यांनी स्वतःच वाचलं आणि खुदकन हसल्या.

सुरभीताईंनी जुनी पत्रिका डावीकडे उघडी ठेवली आणि उजवीकडे एकेक ओळ मोजूनमापून टाइप केली. ओळ मुळात जिथं मोडली, तिथंच मोडली पाहिजे, असा त्यांचा भारी हट्ट. शेवटी, अगदी तळाशी, बारीक अक्षरात आईचं नाव आलं.

"नव्यानं लिहूनच राह्यली बाई, त मले वर घे," बिजलीबाई म्हणाल्या. "ह्यांच्या बाजूले."

"जसं हाय तसंच पाह्यजे म्हटलं ना म्या," काका कुरकुरले.

"काका, तुमी चहा घ्या," सुरभीताई म्हणाल्या, आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खुशीनं एक ओळ जागची हलवली. "काकू, अक्षर केवढं ठेवू?"

"ह्यांच्याएवढंच."