सात बोटी आणि एक बारीक एडिटर

“उघडली का रे?” फिलोमिना आंटीने तिसऱ्यांदा विचारलं.

नव्हती उघडली. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. दुपारी वादळाचा इशारा आला होता. मढच्या किनाऱ्यावर लोक बोटींचे दोर घट्ट करत होते. कोणत्या बोटी अजून समुद्रात आहेत, हे ज्या एका फाइलमध्ये होतं, ती मी अडकवून ठेवली होती.

मी अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. आंटी तिथली क्लार्क. बोट निघाली की ती एक ओळ टाइप करते. बोटीचं नाव, तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, खलाशी, फोन आणि शेवटी ‘बाहेर’. परतली की ‘बाहेर’ काढून ‘आली’.

यासाठी टेक्स्ट एडिटर पुरतो. साधा मजकूर लिहायचा, शोधायचा, संपलं. आदल्या आठवड्यात मी तिचा जुना एडिटर काढून नवा टाकला होता. माझ्या लॅपटॉपवर तो झकास पळतो. तिथेच चुकलो. रॅम म्हणजे मशिनचं टेबल. माझं टेबल ऐसपैस, आंटीचं पाटाएवढं. नवा एडिटर स्वतःच त्या पाटावर मांडी घालून बसला. आठवडाभर फाइल कशीबशी उघडली, त्या दिवशी मात्र तिला जागाच उरली नाही.

बॉसना फोन लावला. “सर, हँग झालंय.”

“मशिन भंगार आहे. नवीन घ्यायला सांग त्यांना.”

“आत्ता? बोटी बाहेर आहेत, सर.”

“मग जुन्या नोंदी उडव. फाइल हलकी होईल.”

“उडवायला आधी उघडायला लागेल ना.”

आंटीने ऐकलं. “काय उडवतोस रे? दर्यात गेलेल्या बोटीचं नाव खोडायचं नसतं. नऊ वर्षांत एक नाही खोडलं मी.”

म्हणून फाइल एवढी फुगली होती. पण फाइलचा काय दोष? सॉफ्टवेअर आम्ही जाड करायचं आणि भंगार म्हणायचं गरिबाच्या मशिनला! ही आमच्या धंद्याची लबाडी आहे, आणि त्या आठवड्यात ती मीच केली होती.

मशिन बंद करून पुन्हा चालू केलं. जुना एडिटर माझ्याकडे नव्हता, पण पेनड्राइव्हवर तीन हलके एडिटर होते. पहिल्यात देवनागरीच्या जागी चौकोन आले. दुसऱ्याने अख्खी फाइल रॅममध्ये ओढायला घेतली आणि तोही बसला. तिसरा दिसायला अगदी दरिद्री. मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा लहान प्रोग्रॅम. तो पूर्ण फाइल उचलत नाही, स्क्रीनवर मावेल तेवढाच तुकडा डिस्कवरून वाचतो.

क्लिक केलं आणि फाइल समोर. बोट माऊसवरून उठायच्या आत. मी खुर्चीतून उभाच राहिलो. कुणीतरी कुठेतरी बसून एकेक बाइट वाचवला होता. अशाच एखाद्या मशिनसाठी, कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठी.

“उभा काय राहिलास? शोध!”

‘बाहेर’ शोधलं. सात बोटी. आंटी नावं वाचत गेली, शेजारच्या खोलीतून सोसायटीचा वायरलेसवाला पास्कल ती पुकारत गेला. सहा बोलल्या. ‘स्टेला’ गप्प.

पास्कलने पुन्हा पुकारलं. काही नाही.

“माझा भाऊ आहे तिच्यावर,” आंटी म्हणाली. हे ती एवढा वेळ बोलली नव्हती.

मी ‘स्टेला’ची ओळ शेवटपर्यंत सरकवली. ‘बाहेर’च्या आधी आंटीनेच टाइप केलं होतं: वायरलेस सेट बिघडला, ‘सागरकन्या’ बोटीच्या जोडीला.

“पास्कल, सागरकन्येला विचार!” आंटी ओरडली.

वायरलेसवर खरखर झाली. मग आवाज आला. “स्टेला आमच्या मागेच आहे. तिला घेऊनच वळतो.”

अंधार पडायच्या आत सातही बोटी खाडीत आल्या. आंटीने सात वेळा ‘आली’ टाइप केलं. ‘स्टेला’चं सगळ्यात शेवटी, एका बोटाने, सावकाश. मग म्हणाली, “हाच ठेव. आणि परत शहाणपणा केलास ना, तर तुलाच बोटीवर पाठवीन.”

दुसऱ्या दिवशी बॉसनी विचारलं, “रिपोर्टमध्ये काय लिहू?”

“मशिन चांगलं आहे. इंजिनिअरने एडिटर चुकीचा टाकला होता.”

तेव्हापासून कुठलाही एडिटर मी आधी गिऱ्हाइकाच्या मशिनवर, त्याचीच सगळ्यात मोठी फाइल उघडून बघतो. माझ्या लॅपटॉपवर तर काय, सगळंच पळतं.