साधं ‘आजारी’ लिहिलं असतं तर

शब्द जपून वापरणाऱ्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही, असं माझं ठाम मत होतं. (चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, की मतं ठामच होतात.)

आमच्या ऋचाच्या सासऱ्यांनी घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि रविवारी वास्तुशांत ठेवली. डोंबिवलीहून तिथे जायचं म्हणजे पुढच्या टेम्पोवरचा मजकूर पाठ होईपर्यंत वाचायचा. मी न जायचं ठरवलं.

“आजारी आहे म्हणून कळवा,” बायको म्हणाली. “मी जाऊन येते.”

“आजारी म्हटलं की लोक शहाळी घेऊन बघायला येतात. मी ‘अंडर द वेदर’ लिहितो. अर्थ तोच, पण सौम्य. बरं नाही, पण कुणी यावं इतकंही नाही.”

“व्याह्यांना कळेल?”

“मोबाइलवर बघतील की!”

रविवारी दुपारी मी चौथा बटाटावडा उचलला, तोच ऋचाचा फोन.

“बाबा, आम्ही निघतोय तुमच्याकडे. पप्पांनी डॉक्टरकाकांनाही घेतलंय.”

“अगं, पण अंडर द वेदर म्हणजे...”

“अर्थ सगळ्यांनी बघितलाय! पप्पा म्हणतात, मराठीचा मास्तर साध्या तापासाठी इंग्रजी कशाला लिहील? नक्की कसला तरी रिपोर्ट आलाय!” मग आवाज खाली आला. “बाबा, खोटं निघालं ना, तर या घरात मला तोंड दाखवायला जागा नाही.”

युक्तिवाद बिनतोड होता. आपल्याकडे किरकोळ दुखणी मराठीत होतात आणि मोठी इंग्रजीत!

दोन तास तरी हाताशी आहेत, असा माझा हिशेब होता. नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा होता. पन्नासाव्या मिनिटाला बेल वाजली. कडी काढून, दार नुसतं लोटून ठेवून मी भर मे महिन्यात गळ्यापर्यंत चादर ओढून पडलो.

व्याही सहा शहाळी घेऊन आत आले. “मास्तर, लपवू नका. आपलीच माणसं आहोत.”

“काही नाही हो, जरा कणकण.”

व्याह्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. “बघ! आता मराठीत बोलून आपल्यालाच धीर देतायत.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्याबरोबर परतलेली बायको खिडकीबाहेर बघू लागली. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. दारात ऋचा ओढणीचं टोक चावत उभी. आता माझं सोंग आणि तिची अब्रू, दोन्ही त्या यंत्राच्या हाती!

डॉक्टरांनी आकडा पाहिला. चष्मा पुसून दाब पुन्हा मोजला.

“एकशे ऐंशी. बरं झालं आलो.”

बापाचं ब्लडप्रेशर ऐकून मुलीचा चेहरा इतका खुललेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, वडे बंद. शिवाय महिन्यातून एकदा तपासून घ्यावं लागतं. डॉक्टरांचा दवाखाना घोडबंदर रोडला आहे.